बाजारातला भाव कोणाच्या भीतीने ठरतो?

प्रश्न नागपूरच्याच एका तरुण नोकरदाराचा आहे. वडील अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले. पेन्शन चालू आहे आणि साठवलेला सगळा पैसा बँकेच्या एफडीत आणि पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत. चुलतभाऊ दर आठवड्याला निफ्टीचे ऑप्शन, म्हणजे शेअर निर्देशांकाच्या चढउतारावर लावलेले सौदे, करतो. प्रश्नकर्ता स्वतः मिहानमधल्या आयटी कंपनीत, दरमहा एसआयपी भरणारा. ते विचारतात: "एका घरात तीन स्वभाव, देशात तर कोट्यवधी. मग शेअरचा भाव कोणाच्या स्वभावाने ठरतो? भित्रे आणि धाडसी एकमेकांना खोडून काढतात आणि मधला सरासरी माणूस उरतो, असं धरायचं का? आणि हे समजून आमच्या घराला काय उपयोग?"

सल्लागाराच्या धंद्यात हा प्रश्न मला फार कमी जण विचारतात. 'कोणता शेअर घेऊ' विचारणारे रोज भेटतात, भाव तिथे का आहे हे विचारणारा क्वचित. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सरासरी माणूस उरतो, हे खरं. पण ती सरासरी डोकी मोजून निघत नाही, खिशातली कुवत मोजून निघते. शिवाय भाव हलला की ती सरासरीही हलते, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

आकडे घेऊन बघू. एका कंपनीचे एकूण १०० शेअर आहेत. वर्षभराने एका शेअरचे ८० रुपये होतील किंवा १४०, दोन्हीची शक्यता सारखी. म्हणजे अपेक्षा ११० रुपयांची, चढउतार दोन्ही बाजूंना ३० रुपयांचा. व्याज तूर्त शून्य धरा. बाजारात फक्त दोघे: काका आणि पुतण्या. प्रत्येकाची जोखीम पेलण्याची कुवत रुपयांत मोजता येते. काकांची १,८०० आणि पुतण्याची ७,२००. किती शेअर घ्यायचे याचा पाठ्यपुस्तकी नियम साधा आहे: कुवतीला भावातल्या सवलतीने गुणायचं आणि चढउताराच्या वर्गाने, म्हणजे ३० गुणिले ३० बरोबर ९०० ने, भागायचं. सवलत म्हणजे ११० आणि चालू भाव यांतला फरक.

दोघांची कुवत मिळून ९,०००. सगळे १०० शेअर खपायला हवेत, तर सवलत १० रुपये लागते. भाव ठरला १०० रुपये. काकांकडे २० शेअर, पुतण्याकडे ८०. काकांनाही शेअर मिळाले, पुतण्यालाही, आणि दोघेही आपापल्या वाट्यावर समाधानी. हे १० रुपये म्हणजे जोखीम अंगावर घेतल्याचा मोबदला.

आता 'सरासरी माणूस' काढून बघा. भीती म्हणजे कुवतीच्या उलट, म्हणून काकांची भीती पुतण्याच्या चौपट आहे. दोघांच्या भीतीची साधी सरासरी काढली आणि तशी दोन सरासरी माणसं बाजारात बसवली, तर सवलत साडेपंधरा रुपयांच्या वर जाते आणि भाव येतो ९४ रुपये ४० पैशांच्या आसपास. खरा भाव मात्र १०० आहे. चूक कुठे झाली? भीतीची सरासरी काढली, तिथे. बाजार भीतीची सरासरी काढत नाही, तो कुवतीची बेरीज करतो. घाबरणारा माणूस कमी शेअर घेतो, त्यामुळे भावावर त्याची पकडही कमी. हे गणित रॉबर्ट विल्सन यांनी १९६८ मध्ये नीट मांडलं. त्यांनाच पुढे २०२० मध्ये लिलावांच्या सिद्धांतासाठी नोबेल मिळालं. त्यांचं सूत्र एवढंच, की जोखमीची वाटणी ज्याच्या त्याच्या कुवतीच्या प्रमाणात होते आणि सगळ्यांची कुवत एकात एक मिळवली की बाजाराची कुवत मिळते.

मग काकांची कुवत निम्मी झाली, ९०० वर आली, तर? एकूण ८,१०० उरते आणि भाव उतरतो फक्त १ रुपया ११ पैशांनी. पुतण्याची कुवत निम्मी झाली तर एकूण ५,४०० उरते, सवलत १६ रुपये ६७ पैसे होते आणि भाव येतो ९३ रुपये ३३ पैशांवर. सहापट घसरण. कंपनीत काहीही बदललेलं नाही. तेच ८० किंवा १४०, तीच शक्यता. काका पूर्वीइतकेच सावध आहेत. फक्त पुतण्याच्या हातातले १३ शेअर काकांच्या हातात जायचे आहेत, आणि काका ते १०० रुपयांना घ्यायला तयार नाहीत. घेण्यासाठी त्यांना जादा मोबदला हवा, तो त्यांना भाव पाडूनच मिळतो.

पुतण्याची कुवत निम्मी का झाली असेल? कारण या कंपनीशी संबंधित असायलाच हवं असं नाही. बेसा भागातल्या प्लॉटच्या सौद्यात त्याचे पैसे अडकले असतील. धाडसी माणूस बहुधा एकाच ठिकाणी धाडस करत नाही. प्लॉट, शेअर, सोनं, भागीदारी, सगळीकडे तोच असतो. एका जागी फटका बसला की तो दुसऱ्या जागी विकतो. म्हणून ज्या बाजारांचा एकमेकांशी काही संबंध नाही, ते पडताना एकदम पडतात. वर्तमानपत्रांत कारण म्हणून कुठल्या तरी बातमीचं नाव येतं. खरं कारण पुष्कळदा एवढंच असतं, की दोन्हीकडे माल धरून बसलेला माणूस एकच होता.

मार्च २०२० आठवा. २३ मार्चला निफ्टी एका दिवसात १३ टक्के पडला. खालचं सर्किट लागून व्यवहार थांबवावे लागले होते. त्या महिन्यात परदेशी संस्थांनी भारतीय शेअरबाजारातून सुमारे ६२ हजार कोटी रुपये काढले आणि देशी संस्थांनी ५० हजार कोटींहून अधिक खरेदी केली. 'बाजारातून पैसा निघून गेला' असं आपण सहज म्हणतो, पण प्रत्येक विकलेला शेअर कोणी तरी घेतलेलाच असतो. शेअर एका हातातून दुसऱ्या हातात गेले, आणि दुसऱ्या हाताला तयार करायला भाव एवढा खाली यावा लागला. त्या घसरणीत कोरोनाचा खरा धोका होताच, ते नाकारत नाही. पण पुढच्या वर्षभरात बाजार ज्या वेगाने वर आला, तेवढ्या वेगाने कंपन्यांचे नफे आले नव्हते. घसरणीचा मोठा हिस्सा मोबदला वाढल्याचा होता, नफा बुडाल्याचा नव्हता, असं माझं मत आहे.

यात उधारी आली की प्रकरण चिघळतं. धाडसी माणूस उसने पैसे घेतो, मार्जिनवर, म्हणजे थोडी रक्कम ब्रोकरकडे ठेवून बाकी उधारीवर, शेअर धरतो. भाव १० टक्के पडला आणि निम्मे पैसे उसने असतील, तर त्याची स्वतःची पुंजी २० टक्के गेली. त्याची कुवत पुंजीच्या मागोमाग जाते, म्हणून तो विकतो, म्हणून भाव आणखी पडतो. वर ब्रोकर नेमकं त्याच दिवशी मार्जिन वाढवतो. चढत्या बाजारात हेच चाक उलटं फिरतं: धाडसी लोक श्रीमंत होतात, बाजाराची एकूण कुवत फुगते, मोबदला आटतो. बर्नार्ड ड्युमा यांनी १९८९ मध्ये अशा दोन माणसांच्या बाजाराचं गणित सोडवून दाखवलं. २००२ मध्ये चॅन आणि कोगन यांनी तेच अनेक स्वभावांच्या बाजारावर नेलं. निष्कर्ष असा, की एकाही माणसाचा स्वभाव न बदलता सगळा बाजार कधी शूर, कधी भेदरलेला दिसू शकतो. टीव्हीवर 'गुंतवणूकदारांचा मूड बदलला' असं सांगतात तेव्हा मला हे आठवतं. मूड तोच असतो, पैसा दुसऱ्याच्या हातात गेलेला असतो.

आता तुमच्या वडिलांकडे येऊ. ते बाजारात नाहीत, असं तुम्हाला वाटतं. पण त्यांची एफडी बँक कोणाला तरी कर्जाऊ देते. समजा एखाद्या सिमेंट कंपनीला. धंदा बसला तरी कंपनीने बँकेचं व्याज आधी द्यायचं आणि उरेल ते भागधारकाचं. म्हणजे त्या कंपनीतली जोखीम तुमच्या वडिलांनी आपल्या अंगावरून काढून भागधारकाच्या अंगावर ठेवली आणि त्याबद्दल जास्त परतावा त्याला सोडून दिला. भित्रे आणि धाडसी एकमेकांना खोडत नाहीत, ते एकमेकांशी सौदा करतात. दोघांचे स्वभाव सारखे असते तर हा सौदाच झाला नसता आणि एवढी उधारीही नसती. व्याजाचा दरसुद्धा काही अंशी या सौद्यातच ठरतो.

काका बाजाराबाहेरच राहिले, तर जोखीम कमी खांद्यांवर येते आणि मोबदला वाढतो. रजनीश मेहरा आणि एडवर्ड प्रेस्कॉट यांनी १९८५ मध्ये अमेरिकेचे १८८९ ते १९७८ चे आकडे मांडले: महागाई वजा करून शेअरमध्ये वर्षाला सुमारे ७ टक्के, सुरक्षित सरकारी रोख्यांत १ टक्क्याच्या आत. हा सुमारे ६ टक्क्यांचा फरक समजावून सांगायचा, तर सरासरी माणूस विश्वास बसणार नाही इतका भित्रा मानावा लागतो. कोडं अजून पूर्ण सुटलेलं नाही. पण मँकिव आणि झेल्डिस यांनी १९९१ मध्ये एक साधी गोष्ट दाखवली: त्यांच्या पाहणीत शेअर धरणारी कुटुंबं जेमतेम चौथाईच्या आसपास होती, आणि त्यांचा खर्च बाजाराबरोबर इतरांपेक्षा जास्त वरखाली होत होता. मग सगळ्या देशाची सरासरी कशाला काढायची? जोखीम ज्यांच्या अंगावर आहे त्यांनाच विचारा.

आपल्याकडे गेल्या काही वर्षांत नेमकं हेच उलट दिशेने घडलं. मार्च २०२० मध्ये देशात ४ कोटींच्या आसपास डीमॅट खाती होती, मार्च २०२४ मध्ये १५ कोटींवर गेली. एसआयपीची महिन्याची रक्कम एप्रिल २०२४ मध्ये २० हजार कोटींच्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये २५ हजार कोटींच्या पुढे गेली. आपल्या उदाहरणात असेच आणखी पाच काका आणून बसवा. कुवत ९,००० वरून १८,००० होते, सवलत १० वरून ५ रुपयांवर येते आणि भाव १०० वरून १०५ होतो. आधीपासून शेअर धरलेल्यांना घरबसल्या ५ टक्के मिळाले. मात्र इथून पुढे सगळ्यांची अपेक्षा १० टक्क्यांवरून पावणेपाच टक्क्यांवर उतरली. हा परिच्छेद दोनदा वाचा. नवे लोक येत असताना मागचा परतावा सुंदर दिसतो, तो बघून आणखी लोक येतात, आणि त्यांच्या येण्यानेच पुढचा परतावा घटतो. सीताबर्डीच्या चहाच्या टपरीवरसुद्धा 'म्युच्युअल फंडात पंधरा टक्के तर मिळूनच राह्यले ना भाऊ' असं ऐकू येतं, तेव्हा मी मनातल्या मनात दोन-तीन टक्के कापून टाकतो.

स्वभावाच्या फरकाने कोणता शेअर स्वस्त आणि कोणता महाग हेही बदलतं का? जेम्स टोबिन यांच्या १९५८ च्या आणि विल्यम शार्प यांच्या १९६४ च्या मांडणीत बदलत नाही. तिथे सगळे शेअरांची एकच टोपली घेतात. भित्रा थोडी घेतो आणि उरलेलं एफडीत ठेवतो, धाडसी उसने घेऊन जास्त घेतो. पण प्रत्यक्षात सगळ्यांना उसने मिळत नाहीत, आणि मिळाले तरी परवडत नाहीत. मग धाडसी माणूस साध्या टोपलीऐवजी जास्त उसळणारे शेअर शोधतो. त्यामुळे असे शेअर जरा जास्तच महाग होतात आणि शांत, कंटाळवाणे शेअर जरा स्वस्त राहतात. फिशर ब्लॅक यांनी १९७२ मध्येच हे सुचवलं होतं आणि पुढच्या अनेक देशांच्या आकड्यांत ते दिसलं. स्मॉल-कॅपच्या, म्हणजे छोट्या कंपन्यांच्या शेअरच्या, तेजीत मी लोकांना हात आवरायला सांगतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

एक घोळ इथेच सोडवतो. तुमच्या चुलतभावाला तुम्ही धाडसी म्हणता. मी तेवढ्यावर म्हणणार नाही. धाडस म्हणजे धोका आणि लाभ दोन्ही नीट माहीत असताना मोबदला घेऊन धोका पेलणं. मुदतीच्या शेवटच्या दिवशी १० रुपयांचा कॉल, म्हणजे भाव चढला तरच पैसे देणारा ऑप्शन, घेणारा पुष्कळदा मोबदला घेत नसतो, लॉटरीसाठी वरून पैसे मोजत असतो, किंवा आपला अंदाज इतरांपेक्षा चांगला आहे असं धरून चालतो. शेअरबाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात होते आणि त्यांचा एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटींहून जास्त. जोखमीचा मोबदला घेणाऱ्यांची मंडळी एवढ्या एकमताने तोट्यात जात नाहीत. हा अंदाजांतला फरक आहे, स्वभावातला नव्हे. त्याचाही भावावर परिणाम होतो, पण वेगळा. जिथे मंदीवाल्याला माल उधार घेऊन विकता येत नाही, तिथे भाव सर्वांत आशावादी माणूस ठरवतो. एडवर्ड मिलर यांनी १९७७ मध्ये हे मांडलं. वर्धा रोडच्या प्लॉटकडे बघा. मिहानच्या नावावर भाव फुगले आहेत असं ज्याला वाटतं, त्याला त्या मताचे पैसे करण्याची सोयच नाही. तो गप्प घरी बसतो, भाव आशावाद्याचा राहतो.

दुसरा घोळ आमच्याच धंद्यातला. सेबीच्या २०१३ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत सल्लागाराला ग्राहकाची जोखीम पेलण्याची क्षमता तपासावी लागते. त्यासाठी प्रश्नावली भरून घेतात: बाजार २० टक्के पडला तर काय कराल, वगैरे. तेजीत भरून घेतली की सगळे वाघ. शिवाय त्या प्रश्नांत स्वभाव येतो, परिस्थिती सुटते. काटोल-नरखेडचा संत्रा बागायतदार बोलण्यात बिनधास्त असतो, कारण आंबिया बहार गळाला आणि मृग बहार फुटलाच नाही, असली वर्षं त्याने पचवलेली असतात. पण त्याच्या मिळकतीतच एवढी जोखीम भरलेली आहे, की आणखी घ्यायला जागा थोडी. वेस्टर्न कोलफिल्ड्समधला कर्मचारी कोल इंडियाचे शेअर कौतुकाने सांभाळतो. म्हणजे पगार कोळशावर, बचतही कोळशावर. आणि तुमचे वडील? स्वभावाने भित्रे असतील, पण महागाई भत्त्यासह जन्मभराची पेन्शन म्हणजे त्यांच्या नावावर भला मोठा सरकारी रोखाच आहे. त्याची किंमत धरली तर त्यांची कुवत कदाचित तुमच्यापेक्षा जास्त निघेल. आयटीतली नोकरी आणि शेअरबाजार दोन्ही अमेरिकेच्या मंदीत एकदमच शिंकतात.

हे सगळं वाचून सिद्धांतावर फार भार टाकू नका. केवळ स्वभावाच्या फरकाने बाजाराचे सगळे हेलकावे समजत नाहीत. नंतरच्या काही अभ्यासांत खरेखुरे फरक घालून गणित केलं तेव्हा परिणाम अपेक्षेपेक्षा लहान निघाला. गणितानुसार दीर्घकाळात सगळा पैसा सर्वांत धाडसी माणसाकडेच जायला हवा. तसं दिसत नाही, कारण माणसं मरतात, वाटण्या होतात, लग्नकार्यं निघतात, आणि नवी पिढी नव्या स्वभावाने सुरुवात करते. गार्लेनू आणि पानाजियास यांनी २०१५ मध्ये पिढ्यांची ही ये-जा गणितात धरली, तेव्हा ते वास्तवाच्या जरा जवळ आलं. उधारीची बंधनं आणि संस्थांचे नियम धरल्याशिवाय मार्च २०२० सारखी घसरण पुरती कळत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता घरासाठी उपयोग. 'मी किती धाडसी?' या प्रश्नाचं उत्तर सापडलं तरी त्याने काही ठरत नाही. ठरतं ते या तुलनेने: बाजारातल्या सरासरी रुपयापेक्षा माझी कुवत जास्त की कमी? कमी असेल, तर तुमच्या हिशेबात मोबदला अपुरा आहे, म्हणून सरासरीपेक्षा कमी शेअर धरा; जास्त असेल तर जास्त. आणि ही तुलना बाजार पडल्यावर तुमच्या बाजूने झुकते, कारण तेव्हा उसनवारीवाले पुतणे बाद झालेले असतात. पगार शाबूत असलेला, कर्ज नसलेला माणूस त्या दिवशी तुलनेने धाडसी ठरतो, स्वभाव काहीही असो. मोबदलाही त्याच दिवशी सर्वांत जास्त असतो.

तुम्ही एसआयपी चालू ठेवा, पण हिशेब १५ टक्क्यांनी करू नका. सहा महिन्यांचा घरखर्च बाजाराबाहेर ठेवा, म्हणजे नोकरी आणि बाजार एकदम गडबडले तरी तुमच्यावर विकायची पाळी येणार नाही. वडिलांना जबरदस्तीने शेअरमध्ये ओढू नका. कुवत आहे म्हणजे झोप उडवून घेतलीच पाहिजे असं नाही, आणि ज्येष्ठ नागरिक योजनेचा ८.२ टक्के दर त्यांच्यासाठी वाईट नाही. मात्र जो पैसा ते नातवंडांसाठी म्हणून वेगळा ठेवतात, त्यातला थोडा इंडेक्स फंडात, म्हणजे निर्देशांकातले सगळे शेअर धरणाऱ्या फंडात, टाकायला काय हरकत, एवढं विचारून बघा. चुलतभावाला गेल्या तीन वर्षांचं ब्रोकरचं नफा-तोटा पत्रक, सगळे शुल्क धरून, एका कागदावर काढायला सांगा. तो कागद घेऊन तो आला तर पुढचं बोलू.